हात माझे, आवाज दुसऱ्याचा

पडद्यावर माझे हात होते.

बेलापूरच्या त्या हॉलमध्ये भिंतभर पडदा लावला होता. हात एवढे मोठे दिसत होते की उजव्या तळव्यावरचा व्रणही स्पष्ट दिसत होता. लहानपणी बाबांच्या होडीची दोरी सुटली, तेव्हा कापल्याचा. हातांत टॉवेलची गुंडाळी होती. ती म्हणजे बाळ. मी ते छातीशी धरून दाखवत होतो आणि स्पीकरमधून माझा आवाज येत होता.

"असा धर गो त्याला. बेडकावानी. पाय दोन बाजूला, पोट तुजे पोटाला. मान वलव, नाक मोकलं ऱ्हायला पायजे."

पहिलं हसू मागच्या रांगेतून आलं. मग मधल्या. मग कुणीतरी म्हणालं, "बोंबील लँग्वेज." आणि अख्खा हॉल हसला.

आमच्या आरोग्य प्रोग्रॅमच्या मॅडमनी व्हिडिओ थांबवला. त्या स्वतः डॉक्टर. आवाज मऊ. कधी कुणावर ओरडताना मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या माझ्याकडे बघून हसल्या.

"ब्रदर, राग मानू नका हं. पण हे मराठीच आहे ना? की आम्ही सबटायटल्स लावायची?"

पुन्हा हसू. व्हिडिओच्या वर मोठ्या अक्षरांत मथळा होता. 'संवाद : काय टाळावे.'

मॅडमनी व्हिडिओ पुढे सुरू केला. आता टॅबवरच्या त्या कॉलच्या दुसऱ्या बाजूचं चित्र आलं. करावे गावातलं एक घर. खाटेवर सपना, नुकती बाळंत झालेली. ब्लाउज उघडा, छातीवर बाळ, अर्धा चेहरा दिसतोय, रडतेय. हॉलमध्ये सुपरवायझर होते, डेटावाले होते, चहा देणारे होते. कुणी मान वळवली नाही. तो चेहरा झाकावा, असं तो व्हिडिओ कापणाऱ्यालाही वाटलं नव्हतं.

माझ्या शेजारी जयश्री बसली होती. आमच्याच गावची आशा कार्यकर्ती. व्हिडिओत टॅब धरून उभी होती ती हीच. तिचाही आवाज आला. "दादा, ती घाबरलंय." त्यावरही दोघं-तिघं हसले. जयश्रीने गळ्यातलं ओळखपत्र हळूच पदराखाली घेतलं. एवढंच.

आणि मी?

मी हसलो. सगळ्यांबरोबर, दात दाखवून हसलो. "हो मॅडम, सुधारतो," असंही म्हणालो.

हे मी आधीच सांगून टाकतो. मग पुढचं वाचायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

*

मी करावे गावचा. कोळ्याचा. गावाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला सीवूड्सचे टॉवर. बाबा खाडीत जात. आई सेक्टरांतून मासळीची पाटी फिरवायची. शाळेत गुरुजींनी मला उभं करून धडा वाचायला लावला की वर्ग आधीच हसायला तयार असायचा. गुरुजी मारत नसत. ते फक्त माझं वाक्य माझ्यासारखंच म्हणून दाखवत. माझ्यापेक्षा चांगलं म्हणत. छडी मी विसरलो असतो. ती नक्कल विसरलो नाही.

नर्सिंगच्या कोर्सला लागलो तेव्हा मी रोज रेडिओच्या बातम्या ऐकून त्या मोठ्याने म्हणायचो. जीभ घासून काढली. पुढे कुणी गाव विचारलं तर 'सीवूड्स' म्हणायला लागलो. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. हळूहळू लोक म्हणू लागले, "ब्रदर, तुम्ही कोळी वाटत नाही हो." मी ते कौतुक म्हणून घरी घेऊन जायचो.

आजही बघा. हे सगळं मी पुस्तकी मराठीतच लिहितोय. रागसुद्धा मला याच भाषेत लिहिता येतो, कारण लिहायला हीच शिकवली.

घासलेली जीभ नुसती स्वतःच्या तोंडात ठेवून भागत नाही. ती दुसऱ्यांवर चालते. वॉर्डात गावाकडच्या नव्या मुली यायच्या. कुणी उरणची, कुणी बीडची. पेशंटसमोर त्यांच्या तोंडून घरचा शब्द निघाला की मी म्हणायचो, "नीट बोल." मारत नव्हतो. फक्त त्यांचं वाक्य त्यांच्यासारखं म्हणून दाखवायचो.

गुरुजी मेले. नक्कल माझ्या तोंडात जिवंत होती.

*

मग टॅब आले.

एका संस्थेने प्रोग्रॅम आणला. जुन्या, अनुभवी नर्सनी वस्तीत फिरणाऱ्या आशांना आणि नव्या एएनएम नर्सना मार्गदर्शन करायचं. समोर बसून नाही, टॅबवरून. आशा घरात गेली, अडली, की तिने तिथूनच व्हिडिओ कॉल लावायचा. आरोग्य केंद्रात बसलेला मेंटॉर ते बघणार, सांगणार, करून दाखवणार. मला मेंटॉर केलं. माझ्या हाताखाली, म्हणजे माझ्या टॅबखाली, आमच्याच पट्ट्यातल्या आशा दिल्या. त्यात जयश्री.

कल्पना चांगली होती. ती मी आजही वाईट म्हणणार नाही. गल्लीतल्या घरात एकटी उभी असलेली बाई आणि तिच्या मागे कुणीतरी आहे, ही मोठी गोष्ट असते. मी नवीन होतो तेव्हा माझ्या मागे कुणी नव्हतं.

पण कॉल लागायच्या आधी स्क्रीनवर एक चौकोन यायचा. 'घरातील व्यक्तीची परवानगी घेतली आहे.' तिथे टिक केल्याशिवाय कॉल पुढे जायचा नाही. कॉल लागला की कोपऱ्यात लाल ठिपका. म्हणजे रेकॉर्डिंग चालू. ते कुठे जातं, कोण बघतं, हे आम्हाला एवढंच सांगितलं होतं, 'क्वालिटीसाठी.'

पहिल्याच दिवशी जयश्रीने विचारलं होतं, "दादा, हे त्यांना इचारायचं काय? परत्येक टायमाला?"

मी म्हणालो, "टिक कर आणि पुढे जा. नाहीतर कॉल लागत नाही."

सगळेच तसं करत होते. आमच्या केंद्रात तर काही जणी घरात पाऊल टाकायच्या आधी रस्त्यातच टिक करून ठेवायच्या. नेटवर्क मिळतं तिथे. परवानगी हा आमच्यासाठी नेटवर्कचा प्रश्न होता.

आणि दुसरी एक गोष्ट तिला मी सांगितली होती. "नीट मराठीत बोल. रेकॉर्ड होतंय."

मग ती नीट बोलायची. "हो सर. नाही सर. वजन घेतले सर." काही विचारायची नाही. मला वाटायचं, हुशार आहे, हिला अडतच नाही. अडत सगळंच होतं. पण नीट मराठीत शंका विचारायची म्हणजे आधी वाक्य मनात जुळवा, मग तपासा, मग बोला. तोवर घरातली बाई 'बसा ना, चहा टाकते' म्हणून उठून जाते आणि शंका राहून जाते.

सपनाच्या घरून कॉल आला तेव्हा जयश्री वाक्य जुळवायला विसरली होती.

"दादा, पोर थंड परलंय. दूध वढत नाय. काय करू मी?"

बाळ कमी वजनाचं, दवाखान्यातून घरी आलेलं. पायाचे तळवे गार. सपना वीस-एकविसाची, पहिलटकरीण. तिने बाळाला दुपट्यात गुंडाळून खाटेच्या कडेला ठेवलं होतं आणि स्वतः लांब बसली होती. हात लावायलाही भीत होती. सासू हिराबाय दारात उभी राहून बडबडत होती.

मी टेबलावरचा टॉवेल ओढला, गुंडाळी केली आणि छातीशी धरली. तोंडातून काय भाषा आली, ते मला हॉलमध्ये ऐकेपर्यंत कळलंच नव्हतं.

"सपना, बग माज्याकर. दुपटा काढ त्याचा. टोपी ऱ्हावं दे, लंगोट ऱ्हावं दे. तुजे अंगाची ऊब हाय ना, तीच पायजे त्याला. छातीला छाती. बेडकावानी धर. हां. आता वरून लुगरं बांद. हिराबाय, जुनं मऊ लुगरं हाय काय?"

"हाय की," हिराबाय म्हणाली. बडबड थांबली.

"दूध वढलं नाय तर वाटीन काढ, चमच्यान पाज. आनि आयक, पाय गरम झालं नाय, दूध घेतलं नाय, तर घरान बसायचं नाय. असंच बांदून दवाखान्यान आनायचं. मी हाय हितं."

मी टॅबसमोरून हललो नाही. ऊब आली. आधी पाय, मग ओठांची हालचाल. चमच्याने दूध गेलं. संध्याकाळी डॉक्टरांनी येऊन तपासलं. आम्ही सगळ्यांनी मिळून केलेलं काम होतं ते. सपनाने, जयश्रीने, हिराबायच्या लुगड्याने.

त्यानंतर जयश्रीचे टॅबवर कॉल सुरू झाले. काय काय विचारायची. स्तनाला गाठ आली तर काय, बेंबीला काजळ लावतात त्यांना कसं थांबवू, अमुक घरची सासू आत घेत नाही तर कुणाच्या ओळखीने जाऊ. मध्येच टोमणाही मारायची. "दादा, तुमी आमचेसारकं बोलता तवा समजतं. नायतर टीव्हीवरचे बातमीदार वाटता."

मी पण हसायचो. ते हसू वेगळं होतं.

आणि ते सगळं लाल ठिपका ऐकत होता.

*

हॉलमधल्या त्या दिवसानंतर टॅब गप्प झाला.

जयश्री काम करत होती. घरं करत होती, माहिती भरत होती. कॉल मात्र नाही. मीच लावला तर उचलायची. "हो सर. सगळं ठीक आहे सर."

सर.

'बोंबील लँग्वेज' ऐकून मी हसलो होतो. हा 'सर' ऐकून मात्र मला जेवण गेलं नाही.

शेवटी मी तिला गावात गाठलं. तळ्याकडून येत होती, वजनकाटा खांद्याला. मी म्हणालो, "काय गो, फोन का करत नाहीस?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सपनाचे घरचा दरवाजा बंद झालाय मना."

"म्हणजे?"

"हालमदे आपले गावची दुसरी आशा पन व्हती ना. तिनं घरी सांगितलं. घरी सांगितलं म्हंजे गावान सांगितलं. सपनाला सगल्यांनी बगितली. तिचा नवरा बोलला, या बाईला परत उंबऱ्यान पाय ठेवू द्यायचा नाय."

"बाळाचं वजन?"

"कोन घेनार? मी दोन वेला जाऊन आयलू. कडी लावली."

आशाच्या कामात गोळ्या, तक्ते, टॅब हे सगळं नंतर येतं. आधी दार. दार उघडलं तर ती आशा, नाहीतर रस्त्यावरून जाणारी बाई. जयश्रीचं दार एका घराचं बंद झालं होतं. त्या गल्लीतली बाकीची किती होतील, ते ठरायचं होतं. आणि आत ते बाळ. कमी वजनाचं. ते भरतंय की वाळतंय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"चल," मी म्हणालो. "मी येतो."

"तुमी कनाला? तुमी तर हसत व्हता."

हे ती रागाने नाही म्हणाली. पाऊस येईल असं वाटतंय, असं कुणी म्हणावं, तसं म्हणाली.

*

हिराबायने कडी काढली, पण दार अडवूनच उभी राहिली. मला लहानपणापासून ओळखते ती. माझ्या आईबरोबर पाटी फिरवून मासळी विकली आहे तिने.

"ये रं ये. टीव्हीवाला आयला," ती म्हणाली. "आज कोनाला दावनार? मी हाय म्हातारी, चालन का?"

"हिराबाय, बाळाचं वजन बघू द्या," मी म्हणालो. आपोआप नीट मराठी आली.

"बघू द्या?" तिने माझ्यासारखं म्हणून दाखवलं. अगदी माझ्यासारखं. "तवा कसा बोलत व्हतास, लुगरं हाय काय हिराबाय. आता बघू द्या. माजी सून, माजे घरान, उघरी बसलेली. ती तुमी सायबांना दावली. तिला इचारलं व्हतं?"

जयश्रीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, आता हा सांगेल, सिस्टिम, पॉलिसी, वरून आलं.

"नाय," मी म्हणालो. "इचारलं नव्हतं. जयश्रीचा दोष नाय. तिला मीच सांगितलं व्हतं, इचारू नको म्हनून."

हिराबाय दार अडवूनच होती. मग तिने तो प्रश्न विचारला.

"आनि थय ते हसले, तवा तू काय बोललास?"

माझ्याकडे दोन भाषा होत्या. एक घासलेली, एक घरची. दोन्हींत उत्तर एकच होतं.

"हसलो," मी म्हणालो.

आतून सपनाचा आवाज आला नाही. बाळाचा आला. बारीक. पण आला. तो आवाज ऐकून मी ओट्यावर बसलो.

हिराबाय मला म्हणाली नाही की जाऊ दे. म्हणाली नाही की तू पन आपलाच. ती आत गेली आणि बाळ घेऊन बाहेर आली. सपनाला बाहेर येऊ दिलं नाही.

"काटा लाव," ती जयश्रीला म्हणाली. "हितंच. भायेर. आनि तुमचा तो डबडा थय ठेवा, चपलांजवल. पालथा."

मी टॅब चपलांजवळ पालथा ठेवला. जयश्रीने ओट्यावर काटा टांगला. बाळ झोळीत लोंबलं, रडलं. वजन वाढलं होतं. हवं तेवढं नाही. पण वाढलं होतं. हिराबायने आकडा ऐकला, बाळ उचललं आणि कडी लावून घेतली.

बस. माफी नाही, चहा नाही. पुढच्या वेळी दार उघडेल की नाही, याचा भरवसा नाही.

परत येताना जयश्री म्हणाली, "ती इडिओ अजून हाय ना त्यांचेकर?"

मला ते माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

*

बेलापूरहून निरोप आला, मॅडमनी बोलावलंय. मी ठरवून गेलो होतो की ती क्लिप पुसायला सांगायची. वाक्यंही जुळवली होती. नीट मराठीत.

मॅडमच्या केबिनमध्ये एसी होता आणि टेबलावर त्यांच्या टॅबवर पुन्हा माझे हात होते. या वेळी मथळा वेगळा. 'कमी वजनाच्या बाळाची उबदार काळजी.'

"ब्रदर, गुड न्यूज," त्या म्हणाल्या. "तुमचे हात फार छान आहेत. स्टेडी. वरच्या ऑफिसला हा भाग खूप आवडला. आपण याची ट्रेनिंग फिल्म करतोय. सगळ्या आशांना जाईल."

मी टॅबवरच्या त्या हातांकडे बघत होतो.

"आवाज मात्र आपण प्रोफेशनल घेतोय. ऐका."

त्यांनी बटन दाबलं. माझे हात हलले आणि त्यांतून एका बाईचा आवाज आला. स्वच्छ, गोड. "बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लागेल अशा प्रकारे धरावे." टॉवेलची गुंडाळी माझ्या छातीवर होती. छातीच्या वर मान नव्हती. माझं डोकं कापलं होतं. चौकट गळ्याशी संपत होती.

"फेस क्रॉप केलाय. डिस्ट्रॅक्ट होतं," मॅडम म्हणाल्या. "आणि ते बेडूक वगैरे काढून टाकलं." त्या हसल्या. "इथे फक्त तुमची संमती लागेल. फॉर्मॅलिटी. टिक करा."

टॅब त्यांनी माझ्याकडे सरकवला. तसाच चौकोन. 'संबंधित व्यक्तीची परवानगी घेतली आहे.'

जो चौकोन सपनाच्या उंबऱ्यावर सपनाला न विचारता भरायला मी जयश्रीला लावलं होतं, तोच आता माझ्यासमोर होता. या वेळी उघडा बसवलेला मी होतो. हात ठेवा, डोकं कापा, जीभ काढा. टिक करा आणि पुढे जा.

'काय टाळावे' म्हणून ज्या तोंडावर हॉल हसला, त्याच तोंडाखालचे हात यांना हवे होते. आमची मासळी चालते, पाटी दारात नको. आमची खाडी चालते, व्ह्यू म्हणून. आमचे हात चालतात.

जुळवलेली सगळी वाक्यं गेली.

"नाय करनार," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"टिक नाय करनार. हात माजे हायत. त्याचेवर दुसऱ्याचा आवाज चरवायचा नाय."

मॅडमना आधी वाटलं मी गंमत करतोय. मग त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "ब्रदर, पर्सनली घेऊ नका. हे स्टँडर्डायझेशन आहे. सगळ्यांना समजायला हवं ना."

"सपनाला समजलं. जयश्रीला समजलं. हिराबायला समजलं आनि तिनं लुगरं आनून दिलं. समजलं नाय ते हालमदे बसलेल्यांना. फिलम आशांसाठी हाय का हालसाठी?"

"तुम्ही असं का बोलताय?"

"असंच बोलतो आमी."

मी तळहात टेबलावर ठेवला, व्रण वर करून. "ही दोरीची खून पन क्रॉप करनार काय? ती पन डिस्ट्रॅक्ट करत असन."

त्या तळहाताकडे बघत नव्हत्या. दाराकडे बघत होत्या, बाहेर कुणी ऐकतंय का.

"आनि सपनाची इडिओ," मी म्हणालो. "ती पुसायची. सगलीकरची. पुसल्यावर मना लिहून द्यायचं."

"त्यांची परवानगी घेतलेली आहे. सिस्टिममध्ये टिक आहे."

"ती टिक खोटी हाय. मी करायला लावली. लिहून देतो."

आता मात्र मऊपणा गेला. "तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय म्हणताय? याची चौकशी होईल. तुमच्यावर."

"होऊ द्या."

मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. पुस्तकी मराठीत लिहिलं, कारण लिहायला मला हीच येते. न विचारता परवानगीची खूण करायला मी सांगितलं. सपना, तिचं घर किंवा जयश्री यांचा यात दोष नाही. व्हिडिओ पुसावा. खाली सही केली. मॅडमनी कागद घेतला नाही. मी तो बाहेर आवक-जावकच्या खिडकीत दिला आणि शिक्का मारून पोच घेतली.

*

मेंटॉरच्या यादीतून माझं नाव काढलं आहे. टॅब परत घेतला. आता तो एका नव्या सिस्टरकडे आहे. ती लातूरकडची. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "ब्रदर, रेकॉर्डिंग होतंय तर नीट बोलावं लागतंय का?" मी तिला म्हणालो, "जसं घरी बोलता तसं बोला. आणि त्या चौकोनात टिक करायच्या आधी घरातल्या बाईला विचारा. नाही म्हणाली तर कॉल लावू नका. तुम्ही स्वतः जा." ती म्हणाली, "तसं केलं तर कॉल कमी दिसतील की." म्हटलं, दिसू देत.

क्लिप अजून पुसलेली नाही. 'प्रक्रिया सुरू आहे' असं सांगतात. फिल्म थांबली आहे, कारण हातांची संमती नाही. दुसरे हात शोधताहेत, असं कळलं. शोधोत. ज्याचे सापडतील, त्याला मी जाऊन भेटणार आहे.

जयश्री आता माझ्या साध्या फोनवर फोन करते. चित्र नाही, ठिपका नाही. दादा म्हणते की नाही? कधी म्हणते, कधी काहीच म्हणत नाही. थेट विचारते, "पोराला जुलाब हाय, काय करू?" मला तेवढं पुरे आहे. हिराबायची कडी अजून ओट्यापुरतीच उघडते.

चौकशीची तारीख लागेल. त्याच हॉलमध्ये बसवतील, त्याच पडद्यासमोर. कदाचित तीच क्लिप लावतील, पुरावा म्हणून. लावायच्या आधी मी उभा राहणार आहे. आधी पडदा बंद करा म्हणणार, कारण त्यात एक बाई आहे आणि तिला कुणी विचारलेलं नाही. बंद केला नाही तर वायर ओढणार. मग विचारतील ते सांगणार. माझी चूक माझी म्हणून सांगणार, त्यांची त्यांची म्हणून. जशी तोंडाला येईल तशा बोलीत.

कुणाला समजलं नाही, तर त्यांनी सबटायटल्स लावावीत.

आणि मागच्या रांगेतून कुणी हसला, तर या वेळी हॉलमध्ये एक माणूस हसणार नाही. तो त्या रांगेपर्यंत चालत जाईल आणि विचारेल, "काय रं, काय बोललास? परत बोल."